त्रास नाही, मग गोळ्या कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, पहिलटकरीण, १८ वा आठवडा. राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघायची तपासणी, करून घेतलं, त्यात ‘इ. कोलाय, १,००,००० पेक्षा जास्त’ असं आलं आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या १४ गोळ्या लिहून मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागलेली नाही, काही नाही, मग पोटुशीने अँटिबायोटिक कशाला गिळायचं? धणे-जिऱ्याचं पाणी पी, दोन दिवसांत उष्णता उतरेल." चार गोळ्या झाल्यावर त्या बंद केल्या, त्यालाही आठवडा झाला. आता विचारताय, उरलेल्या दहा घेऊ की सोडून देऊ, आणि बाळाला काही होणार नाही ना?

आधी कामाचं. उरलेल्या दहा गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि खरं काय ते सांगा: दोनच दिवस घेतल्या, मग थांबवल्या. आम्ही डॉक्टर लोक थोडं करवादतो, पण असं ऐकायची आम्हाला सवय असते. बहुतेक त्या कल्चर पुन्हा द्यायला सांगतील, सॅम्पल गेल्यावर नवा कोर्स पहिल्या दिवसापासून सुरू करतील आणि तो या वेळी पूर्ण घ्यायला लावतील. अर्धवट कोर्समध्ये सहज मरणारे जंतू मरतात, चिवट मागे राहतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी त्यांना लागू पडेल याची खात्री देता येत नाही. म्हणून नुसतं ‘राहिलेल्या संपवून टाकू’ हे पुरणार नाही.

आता सासूबाईंकडे येऊ. त्या म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. उलट त्यांचा नियम त्यांच्या स्वतःच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. साठीच्या बाईच्या लघवीत जंतू निघाले, पण जळजळ नाही, ताप नाही, तर आम्ही औषध देत नाही. द्यायचंच नसतं. फायदा काही होत नाही, औषधाला दाद न देणारे जंतू मात्र तयार होतात. मधुमेह असला तरी हाच नियम. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तेव्हा तो मोडतो, आणि गरोदरपणात मोडतो. म्हणजे एकाच घरात, एकाच आठवड्यात सासूचा आणि सुनेचा रिपोर्ट शब्दाशब्दाने सारखा आला, तर सासूला काही द्यायचं नाही आणि सुनेला सात दिवसांचा कोर्स द्यायचा. हे घरी सांगितलंत तर वाद बराचसा मिटेल असं मला वाटतं, कारण यात कुणाला खोटं पाडावं लागत नाही.

सुनेचं वेगळं का, ते शरीरात बघा. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन भरपूर वाढतं. दिवस भरेपर्यंत गर्भाशय आवळू न देणं हे त्याचं काम. पण ते फक्त गर्भाशयापुरतं थांबत नाही. आतडी ढिली पडतात, म्हणून बद्धकोष्ठ. जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते, म्हणून रात्री छातीत जळजळ. आणि किडनीपासून मूत्राशयापर्यंत लघवी आणणाऱ्या दोन बारीक नळ्या, मूत्रवाहिन्या, त्याही ढिल्या पडतात. एरवी त्या लाटा मारत लघवी खाली ढकलत असतात. आता लाटा मंदावतात, नळ्या फुगतात, लघवी तिथेच रेंगाळते. त्यात वाढणारं गर्भाशय त्यांच्यावर टेकतं. ते बहुतेकींत उजवीकडे कललेलं असतं, आणि डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा भाग मध्ये उशीसारखा असतो, म्हणून उजवी नळी जास्त चेपली जाते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘उजव्या किडनीला थोडी सूज’ वाचून बायका घाबरून येतात, ती बहुतेक वेळा हीच असते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं तसं रेंगाळलेल्या लघवीत जंतू धरतात. भरीला या दिवसांत लघवीतून थोडी साखर जाते, मधुमेह नसतानाही, म्हणजे त्यांच्या जेवणाचीही सोय झाली. एरवी मूत्राशयातच पडून राहिले असते ते जंतू या ढिल्या नळीतून वर किडनीपर्यंत सहज चढतात.

चढेपर्यंत ते काही बोलत नाहीत, अडचण हीच आहे. तुम्हाला जळजळ नाही यावरून जंतू नाहीत असं ठरत नाही. आणि लघवीला वारंवार जावं लागणं तर गरोदरपणात इतकं नेहमीचं, की त्यावरून काहीच कळत नाही. जाणवण्यावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून तर कल्चर.

१९५० च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. एडवर्ड कॅस यांनी हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला. एका मिलिलिटर लघवीत १,००,००० जंतू ही खूण त्यांच्याच कामातून आली, ती तुमच्या रिपोर्टवर आजही आहे. १०० गरोदर बायकांमध्ये साधारण २ ते १० जणींच्या लघवीत असे न बोलणारे जंतू सापडतात. जुन्या अभ्यासांत, त्यांच्यावर औषध न केल्यास चौघींतल्या एकीला पुढे किडनीचा संसर्ग झालेला दिसला आणि वेळेवर औषध दिल्यावर हे प्रमाण खूप खाली आलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१५ मध्ये नेदरलँड्सचा एक अभ्यास आला, त्यात औषध न घेतलेल्यांमध्ये किडनीचा संसर्ग २.४ टक्क्यांनाच झाला होता. म्हणजे धोका जुन्या आकड्याइतका मोठा नसेलही. पण त्या बायका निरोगी, कमी जोखमीच्या, एकच गर्भ असलेल्या होत्या. माझ्या ओपीडीत निम्म्या वेळा हिमोग्लोबिन ९ च्या आसपास असतं, साखर काठावर असते. मी त्या २.४ वर विसंबून कुणाचं औषध थांबवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या शिफारशींत गरोदरपणात अशा जंतूंसाठी सात दिवसांचा कोर्सच सांगितला आहे.

यापेक्षा मला पटवणारी एक फाइल आहे. बरीच वर्षं झाली त्याला. चौदाव्या आठवड्यात एकीचं कल्चर असंच आलं होतं. मी कोर्स दिला, तिने इमानाने पूर्ण केला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून ती कोकणात माहेरी गेली. तिथे तीन दिवस अंगात कणकण, घरच्यांना वाटलं प्रवासाचा शीण. पॅरासिटामॉलवर तिने अंगावर काढलं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप, उलट्या आणि त्यातच कळा सुरू. ३३ व्या आठवड्यात बाळंत झाली. बाळ १,८०० ग्रॅमचं, सोळा दिवस काचेच्या पेटीत. दोन महिन्यांनी ती मला भेटायला आली, बाळ छान होतं. फाइल टेबलावर ठेवत सहज म्हणाली, "मॅडम, तिथले डॉक्टर विचारत होते, कोर्सनंतर परत कल्चर केलं होतं का?"

मी पान उलटलं. माझंच अक्षर. ‘कल्चर: इ. कोलाय. कोर्स ७ दिवस.’ त्याखाली लोह, कॅल्शियम, सोनोग्राफीची तारीख. पुन्हा कल्चर करा, हे कुठेच नाही. तिच्या सगळ्या त्रासाचं कारण तेवढंच होतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, अकाली बाळंतपणाला दहा कारणं असतात. पण तेवढी एक ओळ मी लिहिली असती तर जंतू परत आलेत हे मला तिच्या आधी कळलं असतं. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक लाल शिक्का आहे: ‘पुन्हा कल्चर, तारीख’, पुढे रिकामी जागा. माझी नर्स ती जागा भरल्याशिवाय फाइल बाहेर जाऊ देत नाही, मी ओरडले तरी.

म्हणून तुम्हालाही: कोर्स संपल्यावर एक ते दोन आठवड्यांनी परत कल्चर. ते स्वच्छ आलं तरी एकदा जंतू सापडलेल्या बाईचं कल्चर बाळंतपणापर्यंत अधूनमधून करत राहावं लागतं. मी साधारण महिन्या-दीड महिन्याने करते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आले, तर रोज रात्री झोपताना एक लहान डोस शेवटपर्यंत चालू ठेवायची पद्धत आहे. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

औषधाची भीती. ‘गरोदरपणात अँटिबायोटिक चालत नाही’ हे वाक्य असं सरसकट चुकीचं आहे, पण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे: सगळी चालत नाहीत आणि सगळ्या महिन्यांत चालत नाहीत. तुम्हाला मिळालेलं नायट्रोफ्युरँटॉइन हे जुनं औषध आहे, लघवीतच एकवटतं, रक्तात फारसं राहत नाही. १८ व्या आठवड्यात मीही तेच दिलं असतं. ते पोटभर जेवणानंतर घ्यायचं, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, ती औषधाने, दचकू नका. नववा महिना लागला की मात्र ते टाळतात, कारण नवजात बाळाच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनाही ते द्यायचं नाही. पारशी, सिंधी आणि काही गुजराती समाजांत ही कमतरता जास्त आढळते, तेव्हा तुमच्या माहेरी कुणाला औषधाने कावीळ झाल्याचा इतिहास असेल तर आधी सांगा. सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक, आणि पाण्यात विरघळवून एकदाच प्यायची ३ ग्रॅमची फॉस्फोमायसिनची पुडी, हीही वापरातली आहेत. रिपोर्ट बघून निवडायची.

ज्याची मला खरी धास्ती वाटते ते वेगळंच. जळजळ होते म्हणून नवरा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा नॉरफ्लॉक्सॅसिन घेऊन येतो, ‘मागच्या वेळी लगेच उतरलं होतं’ म्हणून. मागच्या वेळी दिवस गेलेले नव्हते. हा गट गरोदरपणात आम्ही टाळतो. डॉक्सिसायक्लिनही नको, बाळाच्या दातांवर डाग पडतात. ट्रायमेथोप्रिम पहिल्या तीन महिन्यांत नको, कारण ते फोलिक अॅसिडच्या कामात आडवं येतं, आणि सल्फा शेवटी शेवटी नको, बाळाची कावीळ वाढू शकते. फोलिक अॅसिडचं नाव निघालं म्हणून सांगते, त्या गोळीचा माग आपल्या परळमधून निघतो. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना इतका घातक पंडुरोग का होतो ते शोधायला. काम हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये चाललं. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं, १९३१ मध्ये ते छापून आलं, आणि त्या अर्कातला नेमका घटक पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. तेव्हा ती गोळी ‘कंपनीचं फॅड’ म्हणून कुणी टाळायला सांगितली तर हे ऐकवा.

जळजळीसाठी मिळणारं गोडसर सिरप, लघवीतलं आम्ल कमी करणारं, त्याबद्दलही एक. तात्पुरती जळजळ त्याने शमते, जंतू मरत नाहीत. आणि नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लयुक्त लघवी लागते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतली तर गोळीचं बळ कमी होतं. तुम्हाला जळजळ नाहीच, तेव्हा ते नको.

धणे-जिऱ्याचं पाणी प्या, जरूर. सब्जा, ताक, नारळपाणी, सगळं चालेल. त्याने पाणी पोटात जातं आणि हे चांगलंच आहे. फक्त त्याने १ लाख जंतू धुऊन निघतील ही अपेक्षा त्या बिचाऱ्या धण्यांकडून करू नका. गोखरू किंवा चंदनासव मात्र विचारल्याशिवाय नको. आसवं आंबवलेली असतात, त्यांत मद्यार्क असतो, हे घरात बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. मॉलमध्ये मिळणारा क्रॅनबेरीचा रस म्हणजे बहुतांशी साखर, त्यावर पैसे घालवू नका.

आता सॅम्पल. इतकं साधं काम आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. कफ सिरपच्या धुतलेल्या बाटलीतून, मुरंब्याच्या बरणीतून, एकदा तर छोट्या स्टीलच्या डब्यातून लघवी आलेली मी पाहिली आहे, रुमालात नीट बांधून. कल्चरसाठी लॅबमधलीच बंद, निर्जंतुक डबी लागते. साध्या पाण्याने जागा धुवा, पुढून मागे. साबण, वॉश काही नको. पाय रुंद ठेवा, एका हाताच्या बोटांनी त्वचा बाजूला धरा. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबी पाव भरली तरी पुष्कळ. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, झाकण संडासाच्या कठड्यावर उपडं ठेवू नका. पोट मोठं झालं की हे सगळं उकिडवं बसून जमत नाही. उभं राहून, किंचित वाकून घेतलं तरी चालतं. आणि शक्यतो लॅबमध्ये जाऊनच द्या. घरून आणलेली डबी दोन तासांच्या आत पोचायला हवी. लोकल बंद पडली की मुंबईत दोन तास म्हणजे काहीच नाही, आणि उकाड्यात डबीतले जंतू मजेत वाढत राहतात. उशीर होणारच असेल तर डबी दोन पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. या सल्ल्यावर आजवर एकाही सासूने माझ्याकडे प्रेमाने पाहिलेलं नाही.

रिपोर्टमध्ये ‘मिश्र वाढ’ आलं, किंवा साध्या तपासणीत एपिथेलियल पेशी खूप दिसल्या, तर बहुतेक ते बाहेरच्या त्वचेचं, पांढऱ्या पाण्याचं मिसळणं आहे; पुन्हा सॅम्पल द्या, गोळ्या घेऊ नका. नुसत्या ‘पस सेल्स ८-१०’ वर कोर्स लिहून देणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, माझीही होती. पू-पेशी दिसल्या म्हणजे जंतू असतातच असं नाही, आणि न दिसल्या म्हणजे नसतात असंही नाही. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण त्याखाली औषधांची यादी येते, कुठलं लागू, कुठलं नाही. ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे निरुपयोगी. ‘ईएसबीएल’ (बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारे जंतू) असा शब्द दिसला तर घाबरू नका, पण तो रिपोर्ट डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. त्यात नेहमीची बरीच औषधं बाद होतात.

आणखी एक जंतू रिपोर्टमध्ये येऊ शकतो: ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. संख्या कमी असली, १,००,००० च्या खूप खाली असली, तरी हा एकदा लघवीत दिसला की फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवायचा. लघवीतून तो औषधाने गेला तरी योनीमार्गात राहतो आणि बाळ बाहेर येताना त्याला लागू शकतो. म्हणून कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन देतात. ही गोष्ट बाळंतपणाच्या रात्री ड्युटीवर असलेल्या, तुम्हाला कधीच न भेटलेल्या डॉक्टरला कळायला हवी, म्हणून पहिलं पान.

मुंबईच्या जुलैची वेगळी गंमत आहे. थंडी वाजून ताप आला की सगळ्यांच्या डोक्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. ते तपासायलाच हवेत, पावसात ते असतातच. पण लघवी राहून जाते. २६ आठवड्यांची एकजण माझ्याकडे आली तेव्हा एका नर्सिंग होममध्ये तीन दिवस काढून आलेली, मलेरियाची स्लाइड दोनदा, डेंग्यू एकदा, सगळं निगेटिव्ह. मी तिला बसवलं आणि पाठीत उजवीकडे, शेवटच्या बरगडीखाली, मुठीने अगदी हलकं ठोकलं. ती बाकावरून उठलीच. डाव्या बाजूला काहीच नाही. लघवीची डबी तोवर कुणी मागितलीच नव्हती.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, पोट घट्ट होऊन सुटणं, यातलं काहीही झालं तर उद्याची अपॉइंटमेंट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. गरोदरपणातला किडनीचा संसर्ग घरी गोळ्यांवर काढायचा आजार नाही. सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. नाही उतरला तर सोनोग्राफी करून कुठे खडा, कुठे अडथळा आहे का ते पाहतात. उशीर झाला तर संसर्ग रक्तात उतरतो, फुप्फुसांवर येतो, कळा लवकर सुरू होतात. तुमच्या बाळाचं विचाराल तर, चार गोळ्यांनी त्याचं काही बिघडलेलं नाही. राखायचं आहे ते या तापापासून.

पाण्याचं. डोंबिवलीहून फोर्ट, दारापासून दारापर्यंत सव्वा-दीड तास, आणि तुम्ही लिहिलं नसलंत तरी मला माहीत आहे की सकाळी घरातून निघताना तुम्ही चहाखेरीज काही पीत नाही. लोकलने येणाऱ्या माझ्या सगळ्या बायका हेच करतात, ‘मध्ये जायला लागलं तर?’ म्हणून. यात दोष त्यांचा नाही. या शहरात बायकांना लघवीसाठी स्वच्छ, फुकट जागा मिळावी म्हणून २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहीम चालवावी लागते आहे, यातच सगळं आलं. तोवर आपलं आपण: निघायच्या आधी जाऊन या, ऑफिसात पोचल्या पोचल्या आधी जा आणि मग दोन ग्लास पाणी प्या, दिवसभरात दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास, मे महिन्यात थोडं जास्त. गाडीत दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं, संकोच करू नका. संडासात जेट वापरताना धार पुढून मागे. संबंधांनंतर लघवीला जाऊन या. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होत असेल तर सांगा, कारण बद्धकोष्ठानेही मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

बाकी तपासण्या तुमच्या चालू असतीलच: हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, बीपी, १८ ते २० आठवड्यांतली सोनोग्राफी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. १४० किंवा जास्त आली तर लघवीच्या संसर्गाकडेही जास्त लक्ष द्यावं लागतं. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत होते. तिथे लघवी बघतात ती साधी. कल्चरची सोय नसेल तर मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मागून घ्या.

माहेरी जाणार असाल तर कल्चरचे सगळे रिपोर्ट, औषधांची नावं आणि तारखा यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कागद पर्समध्ये. सामानाच्या बॅगेत नको. जायच्या आधीच्या आठवड्यात एक कल्चर करून जा.

आणि पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर न्या. त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत खुर्ची द्या.

सॅम्पल देताना शुक्रवार-शनिवार टाळा. आमच्या भागातल्या छोट्या लॅब रविवारी बंद असतात, डबी सोमवारपर्यंत पडून राहते आणि मग रिपोर्ट येतो ‘मिश्र वाढ, कृपया पुन्हा पाठवा’. सोमवारी सकाळी, ऑफिसला जाण्याआधी देऊन टाका.